मित्रमंडळींसह युरोपातील नदी-क्रूझ: ठाण्यातून निघण्यापूर्वी या चुका टाळा

ऑगस्टमध्ये आपल्याकडे उल्हास नदी दुथडी भरून वाहत असते, त्यामुळे युरोपातील नद्याही त्या सुमारास भरलेल्या असणार असे ठाणेकर सहज धरून चालतो. नदी-क्रूझ ठरवताना होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे. ऱ्हाईनला आल्प्समधील वितळत्या बर्फाचे पाणी वसंतापासून मिळू लागते आणि उन्हाळा सरता सरता ते बहुधा ओसरते. ऑगस्ट 2022 मध्ये जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या काउब येथील जलमापकाची नोंद 40 सेंटीमीटरच्या खाली गेली होती. (ही नोंद म्हणजे प्रत्यक्ष खोली नव्हे, पात्र त्याहून खोल असते, पण भरलेल्या बोटींना पुरेसे नसते.) डॅन्यूबवर बव्हेरियातील स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा टप्पा असाच उथळ आहे. उलट पाणी फार वाढले, तर बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत. सप्टेंबर 2024 च्या पुरात ऑस्ट्रियातील डॅन्यूबवरची वाहतूक थांबवावी लागली होती.

अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसने पुढे नेते किंवा अडथळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर हलवते, आणि करारातील अटी पाहिल्या तर मार्ग बदलण्याचा अधिकार तिने बहुधा आधीच राखून ठेवलेला असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी बोट अडकल्यास काय मिळेल, हे लेखी विचारावे आणि प्रवास विम्यात ही शक्यता धरली आहे का, हेही तपासावे.

केबिन निवडताना आमच्या पाचपाखाडीच्या सात जणांच्या गटाने काटकसर म्हणून सर्वांत खालचा मजला घेतला. तेथील खिडकी उघडत नाही आणि पाण्याच्या जेमतेम वर असते. पोहणारा हंस आपल्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतो, ही गंमत दोन दिवस टिकते. ‘फ्रेंच बाल्कनी’ म्हणजेही बाल्कनी नव्हे, केवळ सरकते दार आणि कठडा. तेथे खुर्ची मांडता येत नाही. शिवाय धक्क्यावर जागा कमी असल्याने बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात. व्हिएन्नात सकाळी पडदा सारला, तर हाताच्या अंतरावर शेजारच्या बोटीतील एक आजोबा दात घासत होते. दोघांनीही एकदमच पडदा ओढला. केवळ खिडकीतून शहर दिसावे म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गटातील एकट्या व्यक्तीने तर दर आधी विचारून घ्यावा, कारण भाडे दोघांच्या हिशेबाने लावलेले असते. आमच्या सातव्या मैत्रिणीला जवळजवळ दुप्पट मोजावे लागले.

व्हिसाच्या बाबतीत गटाने एकत्र अर्ज करण्याची घाई अंगलट येते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे, त्या देशाकडे करावा लागतो. आमच्यापैकी एका जोडप्याने क्रूझनंतर प्रागमध्ये पाच रात्री जोडल्या आणि त्यांचा मुख्य देश बदलला. बाकीच्यांच्या ऑस्ट्रियाच्या अर्जात त्यांना बसवणे चुकीचे ठरले असते. बोटीवरील रात्री कोणत्या देशात मोजायच्या, हे कंपनीच्या दिवसवार पत्रावरून ठरवावे. बेलग्रेडपर्यंत जाणारी क्रूझ असेल, तर सर्बिया शेंगेनबाहेर असल्याने परतीसाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क 90 युरो आहे आणि ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा असावा.

बोट सुटायच्या दिवशीच सकाळी तिथे उतरणारे विमान घेऊ नये. उशीर झालेल्या प्रवाशासाठी बोट सहसा थांबत नाही आणि त्याला स्वखर्चाने पुढचा थांबा गाठावा लागतो. आदल्या दिवशी पोहोचणे बरे.

शाकाहारी किंवा जैन जेवणाची सूचना नोंदणीच्या वेळीच लेखी द्यावी. आम्ही ती पहिल्या रात्री बोटीवर दिली, आणि स्वयंपाक्याने तीन दिवस आम्हाला उकडलेल्या भाज्या व बटाटे प्रेमाने वाढले; चौथ्या दिवशी मात्र पिशवीतले लोणचे संपले.