सोलापुरात हीटर लागतो कुणाला? जुन्या गाडीच्या हीटर कोअरबाबत या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जाणाऱ्या सोलापुरात गाडीच्या हीटरचा विषय काढला की समोरचा माणूस हसतो, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ त्या हसण्यातच आहे. हीटर कोअर हा डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो; इंजिनातले गरम कूलंट एका होजपाइपातून त्यात येते आणि दुसऱ्यातून परत जाते. त्यामुळे रेडिएटरमध्ये तुम्ही जे ओतता, ते आज ना उद्या या कोअरच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतेच.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्यावर माझा विशेष राग आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मोहोळजवळ माझ्या गाडीचा रेडिएटर ठिबकू लागला, रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने मूठभर हळद टाकली, गळती थांबली आणि मी समाधानाने घरी आलो. पुढे पावसाळ्यात तुळजापूरहून परतताना समोरची काच आतून धुरकट झाली. एसी नसलेल्या त्या गाडीत काच कोरडी करण्यासाठी हीटरचाच आधार होता, आणि नॉब लाल टोकापर्यंत सरकवूनही वारा गारच येत होता. सोलापूर गाठेपर्यंत पत्नी शेजारी बसून टॉवेलने काच पुसत राहिली. सोलापुरी टॉवेल पाणी किती शोषतो, हे त्या दिवशी नीट कळले. घरी बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही होजना हात लावला, तर एक कढत आणि दुसरा थंड, म्हणजे कोअर तुंबलेला. उलट्या दिशेने पाणी सोडल्यावर हळद, गंज आणि बोअरच्या पाण्यातला क्षार यांचा तपकिरी गाळ बादलीभर निघाला. तेव्हापासून मी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे वापरतो व दर दोन वर्षांनी बदलतो. बोअरचे पाणी काच धुण्यापुरते ठीक आहे, तेही नाइलाजाने.

असे फ्लशिंग करताना बागेच्या नळीचा सौम्य दाब पुरतो. सर्व्हिसिंगची प्रेशर गन लावणाऱ्या घाईखोरांचे जुन्या पितळी कोअरचे डाखाचे सांधे उकलतात. दोन्ही होज कढत असूनही वारा गारच येत असेल, तर मात्र कोअरच्या वाटेला जाऊ नका. दोष बहुधा हवा कोअरकडे वळवणाऱ्या फ्लॅपमध्ये (झडपेमध्ये) किंवा त्याच्या केबलमध्ये असतो.

दुसरी चूक होज ओढण्याची. वर्षानुवर्षे तापून होजचे रबर कोअरच्या नळीला चिकटून बसते, आणि नवशिका माणूस पक्कड लावून ते पिळतो. होज निघतो, पण सोबत नळीचे तोंडही मुडपते, आणि जो कोअर अजून चार वर्षे चालला असता तो काढण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी होज ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढतो. शंभर-दोनशे रुपयांचा होज वाचवण्यात कसली हुशारी?

गालिचा ओला दिसला की लगेच कोअरला दोष देऊ नये. एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पाणी आतच सांडते. ते पाणी साधे असते, तर कूलंट बोटांना चिकट लागते, त्याला गोडसर वास येतो आणि काचेवर त्याचा तेलकट थर बसतो. चव घेऊन कुणी खात्री करू नये, कारण ते विषारी आहे. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवले, तर गल्लीतली कुत्री त्याला तोंड लावतात.

दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर वगळणे, हा वाटेतला तात्पुरता इलाज म्हणून मला मान्य आहे, कायमचा म्हणून नाही. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापू लागले, तर हीटर आणि पंखा पूर्ण सुरू करून थोडी उष्णता बाहेर टाकता येते. कोअर वगळला की तीही सोय जाते.

नवा कोअर बसवण्याआधी तो पाण्यात बुडवून, एक तोंड बंद करून हलकी हवा भरून पाहावा, आणि त्याच्याभोवतीची फोमची पट्टी विसरू नये. उन्हाने कडक झालेले डॅशबोर्डचे प्लास्टिक हिवाळ्यातल्या गार सकाळी सहज तडकते, म्हणून हे काम मी गाडी थोडी उन्हात ठेवून मगच हाती घेतो. शेवटी इंजिन थंड असताना कूलंट भरून, झाकण उघडे व हीटर गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (कूलंट तापले की रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, म्हणजे हवा निघून जाते. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत राहिला, तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पातळी पुन्हा पाहावी.