कोर्टाचा कागद घरी आला आणि वकील नाही? या चुका टाळा

उसन्या पैशाचा दावा असो, भावकीतल्या वाटणीचा असो नाहीतर घरमालकाने लावलेला असो, आपली माणसं दिवाणी केस बरेचदा खरं-खोटं ठरायच्या आधीच हरतात, कागद घेतला नाही, तारखेला गेले नाहीत, म्हणणं दिलं नाही म्हणून. बाजू खरी असताना असं झालं की फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं वकील नसला तरी टाळता येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बेलिफ (कोर्टाचा कागद आणून देणारा माणूस) दारात आला की कागद न घेता त्याला परत पाठवणं. लोकांना वाटतं सही केली म्हणजे आपण कबूल झालो. तसं काही नसतं हो, सही फक्त कागद मिळाला एवढ्याचीच असते. समन्स नाकारला तरी बजावणी झाली असंच धरलं जातं, तुम्ही सापडत नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतो, दाराला चिकटवूनही बजावणी होते, म्हणजे नाकारून तारीख काही थांबत नाही, फक्त आपल्यावर नेमका काय दावा केलाय तेच आपल्याला कळत नाही. कागद घ्या, कोणत्या दिवशी मिळाला ते त्यावरच लिहा आणि सोबत दाव्याची नक्कल आहे का बघा.

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचा समन्स यातही लोक गल्लत करतात. नोटीस म्हणजे समोरच्याच्या वकिलाचं पत्र, कोर्टाचा हुकूम नाही, त्यामुळे घाबरून लगेच घर खाली करायला जाऊ नका. पण फेकूनही देऊ नका, गप्प बसलात तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध दाखवतात. साध्या मराठीत, स्वतःच्या सहीने उत्तर द्या, स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि एक झेरॉक्स ठेवा. आणि रागाच्या भरात "हो घेतले होते पैसे, देत नाही जा" असलं काही लिहू नका, कारण उसन्या पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते आणि ती संपायच्या आत सहीनिशी देणं कबूल केलं की मुदत नव्याने सुरू होते.

समन्स मिळाल्यावर लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस असतात, कारण सांगितलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. पण समरी दावा (झटपट निकाली काढायचा दावा) असेल तर हजर व्हायला फक्त 10 दिवस, म्हणून समन्स नीट वाचा, कळलं नाही तर त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्या.

"वकील नाही तर जाऊन करायचं काय" म्हणून पहिल्या तारखेला घरी बसू नका. स्वतःची केस स्वतः मांडता येते. पुकारा झाला की उभं राहून सांगा, साहेब मला वकील नाही, विधी सेवेतून फुकट वकील पाहिजे, म्हणणं द्यायला वेळ द्या. शक्यतो अर्जही लिहून न्या, म्हणजे ते रेकॉर्डला येतं. एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे तुम्ही हजर नसताना कोर्टाचा निकाल, झालाच असेल तर तो रद्द करायचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो, समन्स रीतसर मिळालाच नसेल तर हे दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

आता फुकट वकिलाचं, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक हक्क सोडून देतात. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी हा वकील मागता येतो, कमावत्या नवऱ्याच्या बायकोलासुद्धा, हे आपल्या आयाबहिणींना कोणी सांगतच नाही! अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न लागतं. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही यातच धरलेला असतो. नेमून दिलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर गुपचूप देऊन टाकू नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, ते स्वतः न्यायाधीश असतात. ऑफिस कुठे आहे हेच माहीत नसेल तर 15100 ला फोन लावा.

शेवटचं लोकअदालतीचं. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि विषय मिटतो, चांगली सोय आहे, पण तो निवाडा कायमचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून पुढची माणसं उभी आहेत, साहेब थांबलेत असं म्हणून कोणी घाई केली तरी तडजोडीचा कागद पूर्ण वाचून घ्या. रक्कम किती, हप्ता कोणत्या तारखेला, हप्ता चुकला तर काय, हे सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे, कोणी तोंडी काय कबूल केलं ते नंतर उपयोगाचं नाही. पटत नसेल तर सही करू नका, केस परत नेहमीच्या कोर्टात जाते, त्याची कसलीही शिक्षा नसते.