सर्वांत कच्ची मुले निवडली, की सरासरी आपोआप वाढते: मूल्यमापनाच्या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

पुण्यात समाजकार्य, शिक्षणशास्त्र किंवा अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन शैक्षणिक आणि सामाजिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनाकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. निर्देशक कसे ठरवतात, नमुना कसा काढतात, आकारिक आणि संकलित मूल्यमापनात फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते. मला सांगायचे आहे ते निवडीमुळे आपोआप दिसणाऱ्या फसव्या वाढीबद्दल, आणि ते पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींत उरकलेले असते. प्रत्यक्ष कामात मात्र ते समजून घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि आजही नवा तक्ता समोर आला की मी आधी तेच तपासते.

एक नेहमीचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. एखादी संस्था महापालिकेच्या शाळांमध्ये चौथीच्या मुलांची जुलैत वाचन-गणिताची चाचणी घेते, सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांची यादी करते, त्यांना जादा वर्ग देते आणि मार्चमध्ये तशीच चाचणी पुन्हा घेते. यादीतल्या मुलांची सरासरी वाढलेली दिसते आणि ती वाढ ‘कार्यक्रमाचा परिणाम’ म्हणून अहवालात जाते. त्या वाढीचा काही भाग कार्यक्रम झाला नसता तरी दिसला असता. मुले वर्षभर शाळेत शिकतच असतात, हे त्याचे पहिले कारण आहे आणि ते सर्वांना कळते. दुसरे कारण निवडीत दडलेले असते.

समजा चाचणी २० गुणांची आहे आणि एका मुलीची खरी तयारी १० गुणांची आहे. चाचणीच्या दिवशी तिला कणकण होती, म्हणून तिला ७ गुण पडले. तेवढ्याच तयारीच्या दुसऱ्या मुलाचे अंदाजाने दिलेले तीन पर्याय बरोबर आले आणि त्याला १३ मिळाले. ८ पेक्षा कमी गुणांची मुले घ्यायची असे ठरले, तर ती यादीत येते आणि तो बाहेर राहतो. अशा प्रकारे यादीत खरोखर मागे पडलेली मुले असतातच, पण त्यांच्यासोबत त्या एका दिवशी कमी पडलेली मुलेही गोळा होतात, आणि त्या दिवशी योगायोगाने वर गेलेली मुले यादीत जवळजवळ नसतात. पुढच्या चाचणीत हा योगायोग पुन्हा सर्वांमध्ये वाटला जातो. ती मुलगी १० च्या आसपास येते, तिच्यासारखी इतर मुलेही येतात आणि एक अक्षरही न शिकवता यादीची सरासरी चढते. वर्गातली सर्वांत हुशार मुले निवडली असती, तर याच कारणाने त्यांची सरासरी उतरलेली दिसली असती. सरासरीकडे सरकण्याची ही प्रवृत्ती इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या आकड्यांवरून दाखवली होती. चाचणी जितकी छोटी आणि निवडीची मर्यादा जितकी कडक, तितकी ही फसवी वाढ मोठी, हे मनावर कोरून ठेवा.

हे स्वीकारणे अवघड जाते, कारण वर्गात बसून आपण मुलांची आणि जादा वर्ग घेणाऱ्या ताईंची मेहनत पाहिलेली असते आणि ती खरी असते. मेहनत खरी असणे आणि आकडा त्या मेहनतीचा असणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकावे लागते. तुम्हालाही ते जड जाईल; त्यावरून आपण या कामाला नालायक आहोत असे समजू नका.

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. निवडीसाठी घेतलेल्या चाचणीचे गुण पूर्वचाचणी म्हणून, म्हणजे कार्यक्रमाआधीची पातळी म्हणून, कधीही वापरू नका. निवड झाल्यावर वेगळी चाचणी घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच मर्यादेने निवडलेली, पण कार्यक्रम न मिळालेली मुले तुलनेसाठी ठेवा. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचे मुंबई आणि वडोदऱ्यात झालेले, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्यमापन यासाठी मुळातून वाचा. तिथे वस्तीतल्या तरुण मुली, म्हणजेच बालसखी, मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवत. काही शाळांत तिसरीला आणि काहींत चौथीला बालसखी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे ठरवले होते, त्यामुळे एका शाळेची तिसरी ही दुसऱ्या शाळेच्या तिसरीची तुलना झाली. तुलनाही निवडलेल्या मुलांपुरती ठेवली नाही, ती संपूर्ण वर्गांची केली. गुण वाढले, ते मुख्यतः तळाच्या मुलांचे, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली. हा शेवटचा निष्कर्षही लपवला नाही, म्हणून मला ते काम आदर्श वाटते.

पुण्यातले बरेचसे काम आता कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून येते आणि तिथे एक अडचण नियमातच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, मागील तीन वर्षांत ज्या कंपनीचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिला १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे प्रभाव मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि त्या वेळी प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. परिणामी मूल्यमापन करणारा माणूस अनेकदा सगळे आटोपल्यावर पोहोचतो आणि त्याच्या हाती संस्थेनेच घेतलेली निवडचाचणी तेवढी पडते. अशा वेळी ‘वाढ दिसते, पण ती कार्यक्रमामुळे झाली असे या माहितीवरून म्हणता येत नाही’ हे वाक्य अहवालाच्या सारांशात लिहा, परिशिष्टात नको. ते काढून टाकण्याची अट कोणी घातली, तर काम सोडा. एक काम सोडल्याने पोट मारले जात नाही. हे मी जबाबदारीने सांगते.

स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या आठवडाभराच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. तंत्र नंतर येते आणि गणिताची भीती असलेल्यांनाही येते. जुन्या अहवालाचा साचा घेऊन त्यात नवे आकडे भरण्याची सवय मात्र एकदा लागली की सुटत नाही. मार्गदर्शक निवडताना पदवी आणि परदेशी विद्यापीठाचे नाव पाहण्यापेक्षा त्या व्यक्तीने भरलेल्या प्रश्नावल्या स्वतः हाताळल्या आहेत का, ते विचारा. मला सर्वांत जास्त शिकवले ते क्षेत्रकाम सांभाळणाऱ्या एका पर्यवेक्षक ताईंनी. कोणत्या शाळेतले आकडे संशयास्पद आहेत, हे त्या गठ्ठा चाळून सांगत.

गळतीबद्दल थोडक्यात. वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकामांवरची मुले काम संपले की शाळा सोडून जातात आणि मार्चच्या चाचणीला स्थिर घरातली मुलेच उरतात. दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच सरासरी काढली, तरी ती मूळ यादीचे चित्र देत नाही. गेलेल्या प्रत्येक मुलाचे पहिल्या चाचणीतले गुण तक्त्यात दाखवा आणि शक्य असेल तिथे मुकादमाकडून नवा पत्ता मिळवून तिथे जा. अंदाजपत्रकात या प्रवासाची तरतूद सुरुवातीलाच मागा. नंतर ती मिळत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारण्याची संधी दिली जाते. तेव्हा ‘मुलांची निवड कोणत्या चाचणीवर झाली, आणि पूर्वचाचणी म्हणून तेच गुण धरले आहेत का?’ एवढे विचारा. उत्तर देणाऱ्याने यादी उघडून दाखवली, तर त्या संस्थेत रुजू व्हायला हरकत नाही, पगार थोडा कमी असला तरीही.