आधी बोला, मग फासा टाका

पहिल्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना आमची चौघांची टोळी चाळीस मिनिटं गोष्टीतल्या एका दारापाशी अडकून पडली. दाराला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती. पण मी नवशिकी डीएम, म्हणजे खेळाची सूत्रधार. "दार उघडायचंय? टाका फासा!" पडले ४. दार उघडेना. दुसरीने टाकला, ६. तिसऱ्याने धाव घेऊन खांदा मारला, ३. तोवर पोह्यांची ताटली रिकामी झाली आणि सगळ्यात धाकट्याने विचारलं, "टीचर, हे दार राहू दे, दुसरी गुहा नाही का?"

मी ठाण्यात, नौपाड्यात, आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी दुपारी खोली तीच, फळाही तोच, फक्त बीजगणिताच्या जागी गुहेचा नकाशा. हा नाद भाच्याने लावला. शिकायला पुण्याला जाताना फाशांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मावशी, तुला आकडे आवडतात ना? मग आता तूच चालव." चालवायला घेतल्यावर जे चुकलं आणि मग जमलं, ते नव्याने बसणाऱ्यांसाठी लिहितेय.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा खेळ अमेरिकेत १९७४ साली बाजारात आला. आम्ही पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे नियम धरतो. त्यातले मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, पहिल्या वर्षभराला तेवढे पुरतात. एकजण डीएम, तो गोष्ट सांगतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र, ते काय करतं हे त्यांनी सांगायचं. पट लागतोच असं नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एका मुलाच्या आजींना हे सांगावं लागलं, कारण फासे म्हटल्यावर त्यांना थेट द्रौपदी आठवली. "आजी, पैसे नाहीत, पैज नाही. पणाला लागतात ते फक्त पात्राचे प्राण." त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन रविवार नातवाला सोडायला स्वतः आल्या आणि दारातून डोकावून गेल्या.

आता फासे. पुरचुंडीत सात असतात. डी म्हणजे डाइस आणि पुढचा आकडा म्हणजे बाजू. डी-६ तर आपला ल्यूडोचाच. डी-४ला आमची मुलं समोसा म्हणतात; अनवाणी पायाखाली आला की सराटा. त्याला वरची बाजूच नसते, टोक असतं. काहींवर टोकापाशी तीन आकडे असतात, काहींवर तळाच्या कडेला. जो आकडा सगळ्या दिसणाऱ्या बाजूंवर सारखा आणि सुलटा दिसतो, तोच आपला. डी-८ म्हणजे दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवलेले. डी-१०च्या बाजू पतंगाच्या आकाराच्या, आकडे ० ते ९, आणि ० म्हणजे १०. त्याचाच जुळा भाऊ ००, १०, २० असा ९०पर्यंत जातो; दोघं एकत्र टाकले की शंभरातलं दान मिळतं. ०० आणि ० आले तर शून्य नाही, शंभर. डी-१२ला पंचकोनी बाजू. उरला डी-२०, वीस त्रिकोणांचा. खरा खेळ याच्यावर चालतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज बहुतेक डी-२०वर २१ असते, म्हणजे २० वर आला तर १ जमिनीला टेकलेला. ६ आणि ९च्या खाली रेघ किंवा टिंब असतं, ते बघून घ्या. आमच्याकडे त्यावरून एक भांडण झालंय.

टाकायचे कशात? फरशीवर टाकले तेव्हा पहिल्याच दिवशी एक फ्रिजखाली गेला आणि खालच्या मजल्यावरून फोन आला. आता मोठी परात, तळाला जुना टॉवेल. परातीबाहेर पडलेलं दान धरायचं नाही, परत टाकायचं. हा नियम पुस्तकातला नाही, माझा आहे.

फासा खोटा आहे अशी तक्रार दर आठवड्याला एकजण तरी करतो. मी म्हणते, शंभर वेळा टाक आणि रेघा ओढ. प्रत्येक आकडा सरासरी ५ वेळा यायला हवा. पण एखादा २ वेळा आला, एखादा ८ वेळा, तरी फाशाला बोल लावू नये. एवढं इकडेतिकडे होतंच. (नळाच्या गोष्टीत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसती नजरेने मोजून सांगतो, आणि नळाला फाशांची विद्याही तोच देतो. मोजणी आणि फासे एकाच माणसापाशी, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडतं.)

नियम मुळात एकच आहे. डी-२० टाका, पात्राचा आकडा मिळवा, ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं तर जमलं. तो ठरलेला आकडा डीएम मनाशी धरतो: सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. भिंत चढणं असो, कोणाला गंडवणं असो, तलवार मारणं असो, चाल हीच. जादूचा मारा अंगावर आला की बऱ्याचदा उलट होतं, मारणारा नाही तर ज्याच्यावर आला तो फासा टाकतो. त्याला सेव्ह म्हणतात. हिशोब तोच.

मिळवायचा आकडा कुठून येतो, इथे नवीन मुलं गोंधळतात. पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. मुलं मात्र स्ट्रेंथ, डेक्स, कॉन असंच म्हणतात. पहिल्या खेपेला १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे आपल्या मर्जीने वाटा. फासे टाकूनही काढता येतात: चार डी-६ टाका, सगळ्यात लहान सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज, सरासरी सव्वाबाराच्या आसपास येते. पण त्यात एकाला १७ पडतात, दुसऱ्याला ७, आणि सात पडलेला पोरगा पुढचे तीन तास फुगून बसतो. मी तयार आकडेच देते.

हा गुण फाशात तसाच मिळवायचा नसतो. त्यातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. १५चे +२, १६चे +३, ८चे −१. आणि ९चे? वर्गातली अर्धी मुलं ० म्हणतात. −०.५च्या खालचा पूर्णांक −१ असतो, ० नाही. हे फळ्यावर संख्यारेषा काढून शिकवताना जांभया देणारी मुलं इथे जिवाच्या आकांताने वाद घालतात.

शिवाय पात्राला एखादं काम चांगलं येत असेल तर त्यात सवयीचे आणखी +२. पहिल्या चार पातळ्यांपर्यंत दोनच.

आता मुंगूसची गोष्ट. मुलांची खरी नावं सांगत नाही, पात्रांची सांगते. मुंगूस चोर आहे. चोराला पहिल्याच पातळीला दोन बाबतींत तो +२ दुप्पट धरता येतो. त्याने त्यातला एक हौसेने कुलपांना लावला, आणि पहिल्या रविवारी वाट्याला आलं ते बिनकुलपाचं दार. असो. आमचं जग मी घोडबंदरच्या किल्ल्यापासून येऊरच्या जंगलापर्यंत बेतलंय, म्हणजे नकाशा समजावत बसावं लागत नाही. किल्ल्याच्या पडक्या बुरुजाशी एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, पेंगत होता. मुंगूस म्हणाला, "टीचर, स्टेल्थ टाकू?" आणि टाकलाच.

मी फासा उचलून त्याच्या हातात परत दिला. "आधी काय करतोस ते सांग."

"गुपचूप जातो."

"कसा?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. जुलै महिना, समोरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. "तिथे पण पाऊस आहे?"

"आहे."

"मग सर जोरात आली की पळायचं, थांबली की थांबायचं. आणि चपला काढून कमरेला बांधतो."

एवढं बोलल्यावर त्याचं दान बदललं. चपळाईचे +३, सवयीचे +२, ठरलेला आकडा १५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवेत; विसातली अकरा दानं त्याच्या बाजूची, ५५ टक्के. पण पावसाचा उपयोग करून घेतला म्हणून मी अॅडव्हांटेज दिला: दोन डी-२० टाकायचे, मोठा धरायचा. आता फसायला दोन्ही फासे फसायला हवेत. ०.४५ गुणिले ०.४५, साधारण २० टक्के. म्हणजे ८० टक्के जमणार. चिखलात, अंधारात, जखमी पायाने गेला असता तर उलट, दोनातला लहान. त्याला डिसअॅडव्हांटेज म्हणतात. दोन्ही बाजूंनी कारणं असली तर एकमेकांना कापतात आणि एकच फासा उरतो, मग एका बाजूला कितीही कारणं असोत.

त्या दारापाशी मी नेमकं हेच विसरले होते. फासा हा प्रश्नाचं उत्तर असतो; प्रश्नच नसेल तर टाकायचा नाही. दोन गोष्टी विचारा: हे फसू शकतं का? आणि फसलं तर काही बिघडतं का? साधं दार ढकलताना दोन्हीला उत्तर "नाही". मग दार उघडलं, पुढे चला. गॉब्लिन पेंगतोय, जागा झाला तर शिंग फुंकेल: दोन्हीला "हो". टाका. आणि जे होऊच शकत नाही, त्यालाही फासा नाही. एकाने २० पाडून येऊरचा डोंगर उचलायचा हट्ट धरला होता. फाशावर २० आले की काम हमखास फत्ते, हे फक्त हल्ल्यापुरतं खरं. तसंच १ म्हणजे वार हुकलाच.

हल्ल्याकडे वळते. आधी सगळ्यांनी डी-२० अधिक चपळाई टाकून क्रम लावायचा, त्याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मी फळ्यावर नावं उतरत्या क्रमाने लिहिते. एक फेरी म्हणजे खेळातले सहा सेकंद. आपल्या पाळीला थोडं चालायचं आणि एक काम करायचं. वार लागायला समोरच्याचा एसी गाठावा लागतो. एसी म्हणजे आर्मर क्लास, चिलखत आणि चपळाई मिळून झालेला आकडा. मे महिन्यात आमचा भैरू ओरडला, "माझा एसी अठरा आहे!" तर जिन्यातून जाणारे शेजारचे काका म्हणाले, "चोवीसवर ठेव बाळा, बिल बघितलंस का?"

भैरू लढवय्या, ताकदीचे +३, सवयीचे +२. गॉब्लिनचा एसी १५, हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ७. त्याने १२ टाकले, अधिक ५, सतरा. लागला. आता इजा किती, त्याचा फासा वेगळा: लांब तलवारीचा डी-८. पडले ४, अधिक ताकदीचे ३, सात. गॉब्लिन बरोबर खलास. लक्षात घ्या, इजेत ताकद मिळवायची, सवयीचे २ नाही. आणि हल्ल्यात २० पडले तर इजेचे फासे दुप्पट, म्हणजे दोन डी-८. पण ते +३ एकदाच. हे आम्ही दोन महिने चुकीचं खेळलो आणि मुलांनी मला तसं कळू दिलं नाही.

शस्त्र निवडताना मुलं डी-१२च्या कुऱ्हाडीवर तुटून पडतात. दोन हातांच्या तलवारीला दोन डी-६ असतात. कुऱ्हाडीची सरासरी साडेसहा, तलवारीची सात. पण १२ पडायची शक्यता कुऱ्हाडीला बारात एक आणि तलवारीला छत्तिसात एक. तुम्ही सरासरीचे गिऱ्हाईक आहात की लॉटरीचे, ते तुम्हीच ठरवा. भैरू पुढे कुऱ्हाडीवर गेला.

आणि कुऱ्हाड घेऊन तीन गॉब्लिनांत एकटा घुसला. हिट पॉइंट शून्यावर आले की माणूस लगेच मरत नाही. आपल्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला डी-२० टाकायचा, त्यात काही मिळवायचं नाही. १० किंवा जास्त म्हणजे एक यश, कमी म्हणजे एक अपयश. तीन यशं आधी झाली तर जीव तगला, तीन अपयशं झाली तर संपला. १ पडला तर दोन अपयशं धरतात, २० पडले तर एका हिट पॉइंटवर उठून बसतो.

भैरूचं पहिलं दान १४, दुसरं ५. तेवढ्यात सात वाजले आणि त्या आजी न्यायला आल्या. खोलीत कोणी बोलत नव्हतं. पोराने फासा त्यांच्या तळहातावर ठेवला. "आजी, तू टाक. माझा हात चालत नाही." त्यांनी चपला दारात काढल्या, आत आल्या, मूठ कपाळाला लावली आणि परातीत टाकला.

सात.

"चांगलं ना?"

"दहा हवे होते, आजी."

"हे धरू नका, हात घसरला माझा."

मी धरलं. एक यश, दोन अपयशं. पुढची पाळी मंगळाची. ती पुजारीण, पण तिचे दोन्ही मंत्र संपलेले. तिने न विचारता सांगितलं, "पदर फाडून जखम आवळते, आणि मान माझ्या मांडीवर घेते." शुश्रूषेला ठरलेला आकडा १०. टाकले ८, शहाणपण आणि सवय मिळून ५, तेरा. भैरू वाचला, पण बेशुद्धच.

"शुद्धीवर कधी येणार?" आजींनी विचारलं. त्या आता खुर्चीत बसल्या होत्या.

असा सावरलेला माणूस १ ते ४ तासांनी एक हिट पॉइंट घेऊन उठतो. किती तास, ते डी-४ ठरवतो. समोसा मी त्यांच्यापुढे सरकवला.