विज्ञानाच्या तासाला निर्मितीवादाचा प्रश्न आला तर: अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या जीवशास्त्र शिक्षकांसाठी

उत्क्रांतीचं प्रकरण सुरू झालं की अमेरिकेतल्या सरकारी शाळेत कुणाचा तरी हात वर होतो. ‘देवानं सृष्टी निर्माण केली, तेही शिकवा ना. दोन्ही बाजू कळू देत.’ मागणी ऐकायला रास्त वाटते, म्हणूनच शिक्षक गडबडतो. कुणी प्रकरण घाईघाईनं उरकून टाकतं, कुणी मुलाच्या श्रद्धेवरच तुटून पडतं. दोन्हींत नुकसान मुलांचंच होतं.

आमचं मत स्पष्ट आहे. निर्मितीवाद विज्ञानाच्या तासाला शिकवू नये. त्यातला जो भाग तपासता येतो, उदाहरणार्थ पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची आहे हा दावा, तो तपासात टिकलेला नाही. उरलेल्या भागातून तपासता येईल असं काही निघतच नाही. पण ज्या मुलाला तो मनापासून खरा वाटतो, त्याचा मान वर्गात तसूभरही कमी होता कामा नये. या दोन गोष्टी एकाच तासात कशा सांभाळायच्या, ते पुढे दिलं आहे.

आधी कायदा नीट माहीत करून घ्या

टेनेसीतल्या डेटन गावचा 1925 चा खटला सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यात उत्क्रांती शिकवणाऱ्या शिक्षकाला दंड झाला होता आणि उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा तिथला कायदा 1967 पर्यंत टिकला. तुमच्या कामाचे निकाल नंतरचे आहेत. उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारे कायदे घटनाबाह्य आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1968 मध्ये आर्कान्सॉच्या खटल्यात ठरवलं. बंदी जमेना, तेव्हा ‘दोन्हींना समान वेळ’ ही मागणी पुढे आली. आर्कान्सॉचा तसा कायदा 1982 मध्ये संघीय न्यायालयानं रद्द केला आणि लुइझियानाचा कायदा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 7 विरुद्ध 2 मतांनी. त्यानंतर हाच माल ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावानं आला: सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्यानं केली, असा दावा. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या स्कूल बोर्डानं जीवशास्त्राच्या वर्गात त्याविषयी निवेदन वाचायचा ठराव केला. शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. 11 पालक न्यायालयात गेले. डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही, धार्मिक मत आहे. बोर्डाला पालकांच्या वकिलांचे दहा लाख डॉलरहून जास्त द्यावे लागले. हा आकडा लक्षात ठेवा, बोर्डाच्या बैठकीत तो उपयोगी पडतो.

शिक्षकाच्या रोजच्या कामापुरता अर्थ असा. निर्मितीवाद विज्ञान म्हणून तुम्हाला शिकवता येत नाही आणि बोर्डालाही तो तुमच्यावर लादता येत नाही. ‘माझं विचारस्वातंत्र्य’ म्हणून उत्क्रांती वगळणंही चालत नाही. 1990 आणि 1994 च्या अपील न्यायालयांच्या निकालांत अभ्यासक्रम ठरवण्याचा शाळेचा अधिकार मान्य झाला आहे. विद्यार्थ्याला मात्र स्वतःची श्रद्धा बोलून दाखवायचा पूर्ण हक्क आहे. इतिहास, साहित्य किंवा तौलनिक धर्माच्या तासाला सृष्टीच्या कथांचा अभ्यास करायला काहीच आडकाठी नाही, 1963 पासून तसा स्पष्ट आधार आहे. लुइझियाना (2008) आणि टेनेसी (2012) इथले कायदे शिक्षकाला वैज्ञानिक सिद्धांतांची ‘चिकित्सा’ करायची मुभा देतात, पण धार्मिक शिकवण पुढे रेटायची मुभा त्यांतही नाही. कुणी ते दाखवून पूरक साहित्य हातात दिलं, तर लेखी परवानगी मागा.

प्रकरणाचा क्रम बदला

पुस्तकं बहुधा डार्विनपासून सुरू होतात. आम्ही तो क्रम सुचवत नाही, कारण पहिल्याच दिवशी वर्ग दोन गटांत वाटला जातो. पहिला तास ‘हे कसं कळलं’ या प्रश्नाला द्या, आणि त्यात उत्क्रांतीचं नावही नको. बंद डबा घ्या, आत दोन-तीन वस्तू ठेवा. मुलांनी तो हलवून, तिरका करून, वजन करून आतल्या वस्तूंबद्दल अंदाज लिहायचा आणि प्रत्येक अंदाजापुढे ‘कशानं हा चुकीचा ठरेल’ हेही लिहायचं. डबा शेवटपर्यंत उघडू नका. मुलं चिडतात, तरी नाही. झाकण उघडून बघायची सोय विज्ञानात क्वचितच असते. ‘कशानं चुकीचा ठरेल’ हा रकाना पुढचे दोन आठवडे फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात. त्यानंतर काळ, मग नैसर्गिक निवड, मग समान पूर्वज, आणि माणूस सर्वांत शेवटी.

काळाचा तास नेमका कार्बनपाशी फसतो. ‘डायनोसॉरचं वय कार्बननं काढतात’ असं निम्म्या वर्गाला वाटतं, आणि कार्बन पद्धतीच्या मर्यादा दाखवून सगळीच वयं खोटी ठरवणारी पत्रकं तयार असतात. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, 5,730 वर्षं. सुमारे 50 हजार वर्षांपलीकडे ते कामाचं नाही, हे तुम्हीच आधी सांगा. मग झिरकॉन या खनिजाचा स्फटिक घ्या. तो तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आतलं शिसं नंतर युरेनियमपासूनच झालेलं. त्यात दोन घड्याळं एकदम चालतात. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी. वेग वेगळे असूनही दोन्ही एकच वय दाखवतात, तेव्हा ‘पूर्वी वेग वेगळा असेल’ या आक्षेपाला उत्तर द्यायला मुलं स्वतःच पुढे येतात. दोन्ही वेग बरोबर तेवढ्याच पटीनं बदलले असते तरच हे जुळलं असतं.

टिकल्यांचा प्रयोग

नैसर्गिक निवड बोलून समजत नाही, करून समजते. पाच जणांच्या गटाला लागणारं साहित्य: सुमारे एक मीटर लांब-रुंद दाट नक्षीचं कापड, पंचिंग मशीननं पाडलेल्या चार रंगांच्या कागदी टिकल्या, प्रत्येक रंगाच्या 100, आणि दोन वाट्या. चौघं भक्षक, एक जण मोजणारा.

1. भक्षकांना पाठ फिरवून उभं करा. मोजणाऱ्यानं प्रत्येक रंगाच्या 25 टिकल्या कापडावर विखुराव्यात.
2. भक्षकानं वळायचं, पहिली दिसेल ती एकच टिकली उचलायची, वाटीत टाकायची आणि पुन्हा तोंड फिरवायचं.
3. 75 टिकल्या उचलून झाल्या की थांबा. उरलेल्या 25 रंगवार मोजून लिहा.
4. उरलेल्या प्रत्येक टिकलीमागे त्याच रंगाच्या तीन नव्या घाला. पुन्हा 100 झाल्या, ही दुसरी पिढी.
5. अशा तीन पिढ्या करा आणि प्रत्येक रंगाचा आलेख काढा.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. कापड साधं असेल तर एकच रंग लपतो आणि निकाल आधीच कळतो. टिकल्यांऐवजी बटणं घेतली तर मुलं डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधतात. आणि तोंड फिरवायचा नियम सुटला की भक्षक ताव मारतात, निवड रंगावर होतच नाही. चौथी पिढी करायच्या मोहात पडू नका. मोजण्यात वेळ जातो आणि चर्चा राहून जाते.

एका गटाला डोळे मिटून उचलायला सांगा. त्यांच्याही रंगांचं प्रमाण बदलेल, पण त्या बदलाला दिशा नसेल. आणखी एका गटाला दुसऱ्या पिढीनंतर वेगळ्या नक्षीचं कापड द्या. आलेख उलटा वळतो, आणि ‘चांगला’ रंग असा काही नसतोच हे न सांगता कळतं.

वहीत ‘टिकल्यांनी स्वतःला बदललं’ असं वाक्य सापडेलच. ते खोडून सोडून देऊ नका. ‘एक तरी टिकली रंग बदलताना दिसली का?’ एवढं विचारा. बदललं ते प्रमाण. एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘पण प्रयोग तर तुम्हीच रचला, म्हणजे रचणारा लागलाच की.’ आक्षेप चांगला आहे, त्याला तसं म्हणा. मग जिथे कुणीच काही रचलं नाही तिथलं उदाहरण द्या. गॅलापॅगोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावर 1977 च्या दुष्काळात लहान बिया संपल्या, मोठ्या कडक बिया उरल्या. मोठ्या चोचीचे फिंच पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. 1982-83 च्या अतिवृष्टीनंतर लहान बिया वाढल्या आणि दिशा पालटली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधक दांपत्यानं पक्षी पकडून, चोची मोजून हे नोंदवलं.

माणसाचं प्रकरण: एका गुणसूत्राची पट्टी

इथेच शिक्षक सर्वांत जास्त कचरतात, आणि सर्वांत स्वच्छ पुरावा इथेच आहे. फळ्यावर लिहा: माणसाच्या गुणसूत्रांच्या 23 जोड्या, चिंपांझीच्या 24. आता वर्गाला विचारा की पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी नाहीशी झाली तर शेकडो जनुकं जातील आणि जीव जगणार नाही. मग दोन गुणसूत्रं जोडली गेली असावीत. तसं असेल तर काय सापडायला हवं, हे मुलांनी लिहून तुमच्याकडे द्यायचं आणि मगच पुढे जायचं. उत्तर आधी सांगितलंत तर सगळा तास फुकट.

मुलांना एवढी माहिती पुरवा: गुणसूत्राच्या टोकांना टीटीएजीजीजी हा अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि मध्ये कुठेतरी एक सेंट्रोमियर असतो, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या राहतात ती जागा. बऱ्याच मुलांना सुचतं की टोकाची अक्षरं गुणसूत्राच्या मध्ये सापडावीत, दोन टोकं एकमेकांना भिडलेली, आणि सेंट्रोमियरच्या दोन खुणा असाव्यात. आता कागदाची लांब पट्टी द्या. तिच्यावर टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी असं चालत येतं आणि अचानक सीसीसीटीएए, सीसीसीटीएए सुरू होतं, म्हणजे तोच तुकडा डीएनएच्या समोरच्या, जोडीदार धाग्यावरून उलट दिशेनं वाचलेला. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमकी अशी जागा आहे. 1991 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दुसऱ्या, निकामी झालेल्या सेंट्रोमियरचे अवशेषही आहेत. पट्टीत काही अक्षरं मुद्दाम चुकीची ठेवा, कारण खऱ्या क्रमातही ती झिजलेली आहेत. टोक म्हणून त्यांचं काम संपल्यावर त्यांत बदल साचत गेले.

आता कोपऱ्यातल्या रकान्याकडे बोट दाखवा. ही अक्षरं सापडली नसती तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती. निर्मितीवादानुसार तिथे काय सापडायला हवं होतं? काहीही चाललं असतं. ‘दोन्ही बाजू शिकवा’ या मागणीचं उत्तर इथे, पुराव्यासमोर द्यायचं. पहिल्या दिवशी भाषणातून नाही.

प्रश्न आले की

‘सर, तुमचा देवावर विश्वास आहे का?’ उत्तर देऊ नका, कोणत्याच बाजूचं. ‘माझा विश्वास या तासाचा विषय नाही, तुझाही नाही. पुरावा काय सांगतो ते तुला समजावं एवढंच मला हवं आहे,’ हे शांतपणे म्हणा. उत्क्रांती मानणारे श्रद्धाळू लोक भरपूर आहेत हेही जरूर सांगा, पण कुणाच्या धर्मग्रंथाचा ‘खरा अर्थ’ समजावून सांगायला जाऊ नका. तो तुमचा अधिकार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं तीही चूकच.

‘मधल्या कड्या कुठे आहेत?’ याला टिकटालिक हा जीवाश्म पुरेसा आहे. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी साधारण 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात असावा असं धरून संशोधकांनी त्या वयाचे, उथळ पाण्यात साचलेले खडक नकाशावर शोधले, कॅनडाच्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं खोदलं आणि 2004 मध्ये तो मिळाला. कुठे खोदायचं हे सिद्धांतानं सांगितलं होतं.

‘अव्यवस्थेतून व्यवस्था येत नाही’ हा उष्मागतिकीचा आक्षेप दोन मिनिटांत संपवा. तो नियम बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या बंदिस्त व्यवस्थेचा आहे आणि पृथ्वीला सूर्याची ऊर्जा सतत मिळते. ‘हा फक्त सिद्धांत आहे’ यावरही फार वेळ घालवू नका. पदार्थ अणूंचा बनतो हाही सिद्धांतच.

पालक, मुख्याध्यापक, परीक्षा

प्रकरण सुरू होण्याआधी आठवडाभर मुख्याध्यापकांना लेखी आराखडा द्या आणि त्यात राज्याच्या मानकाचा क्रमांक घाला. तुमच्या राज्यानं 2013 ची नेक्स्ट जनरेशन विज्ञान मानकं घेतली असतील तर हायस्कूलसाठी तो एचएस-एलएस4 आहे. पालक भेटायला आले तर वाद घालू नका, आराखडा आणि पट्टी समोर ठेवा. मुलाला प्रकरणातून सूट मागितली तर निर्णय तुमचा नाही, मुख्याध्यापकांकडे पाठवा.

परीक्षेचा प्रश्न असा लिहा की श्रद्धेला हात लागणार नाही. ‘उत्क्रांती खरी आहे का?’ असं कधीच विचारू नका. ‘समान पूर्वजाच्या सिद्धांताला दुसऱ्या गुणसूत्राचा पुरावा कसा आधार देतो ते समजावून सांगा’ असं विचारा. विद्यार्थ्यानं पुरावा बरोबर मांडून खाली ‘पण मला हे पटत नाही’ असं लिहिलं, तर पूर्ण गुण द्या. फक्त ‘मला पटत नाही’ एवढंच लिहिलं आणि पुरावा मांडला नाही, तर शून्य. गुणदानाची ही रीत परीक्षेआधी वर्गात वाचून दाखवा आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांच्या फायलीत ठेवा.