बीपी का वाढतं? आधी मिठाचा डबा बघा

मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख टाका. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं. म्हणजे चौघांच्या घरात किलोभर मीठ किमान 50 दिवस पुरावं. महिन्यात संपलं, तर स्वयंपाकात हात सैल आहे. तर्री-पोह्यांवरचा चिवडा, लोणचं, पापड यांतलं मीठ वेगळंच. पापडखार, खायचा सोडा यांतही सोडियम असतं, आणि सैंधव काही वेगळं नाही.

वय आणि आई-वडिलांकडून आलेलं बीपी आपल्या हातात नाही. पोटाचा घेर, दारू आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मात्र हातात आहे. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेननेही बीपी चढू शकतं. हे डॉक्टरांना सांगायचं हमखास राहतं.

मोजण्याआधी अर्धा तास खर्रा-चहा नको. पाठ टेकून 5 मिनिटं शांत बसा, दंड छातीच्या पातळीवर. हात लोंबता राहिला तर आकडा उगाच जास्त येतो.