दवाखान्यात असिस्टंट व्हायचंय? आधी हे शिकून घ्या

बारावी झाली की आमच्या चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातली मुलं हमखास विचारतात, "ताई, इंजेक्शन द्यायला कधी शिकवतात?" ते तुमच्या कोर्सवर अवलंबून. जनरल ड्युटी असिस्टंटचं काम वेगळं, डीएमएलटीचं (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) वेगळं. पण नीट विचारणं आणि नीट लिहून ठेवणं दोघांनाही आलंच पाहिजे, आणि नवी मुलं नेमकी तिथेच अडतात.

साधा बीपी घ्या. पेशंट एसटीतून उतरून चढण चढून धापा टाकत आलेला असतो. त्याला पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, बाहीवरून गुंडाळू नका. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मोजताना बोलायचंही नसतं. आता आमच्या मावश्या गप्प बसत नाहीत, हा भाग वेगळा.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. लावणीच्या दिवसांत कुणी ताप घेऊन आला, की शेतातल्या पाण्यात उतरला होता का, पायाला जखम आहे का, पोटऱ्या दुखतात का, लघवी कमी झाली का, हे विचारून केसपेपरवर लिहा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय डॉक्टरांना त्यावरूनच येतो.

आणि जनावर, म्हणजे साप, चावलेला पेशंट आला तर पहिली नोंद वेळेची. किती वाजता चावलं, कुठे चावलं, गावठी औषध लावलं का. आवळून बांधलेली दोरी दिसली तर स्वतः झटक्यात सोडू नका, डॉक्टरांना हाक मारा. फुरसं किंवा घोणस चावली असेल तर रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला साध्या काचेच्या कोरड्या नळीत दोनेक मिलिलिटर ताजं रक्त घेतात आणि 20 मिनिटं अजिबात न हलवता उभं ठेवतात. मग नळी एकदाच कलती करायची. रक्त पातळच वाहिलं तर विषाचा परिणाम झालाय. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसते. म्हणून नव्या नळ्या कुठल्या कपाटात आहेत, हे पाऊस सुरू होण्याआधीच बघून ठेवा.

रक्ताच्या ट्यूब झाकणाच्या रंगावरून ओळखा: सीबीसीला (रक्तपेशींची मोजणी) जांभळी, रक्त गोठण्याच्या तपासण्यांना फिकट निळी, शुगरला करडी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. जांभळीतलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतायचं नाही, पोटॅशियमचा रिपोर्ट खोटा वाढून येतो. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करा, खुळखुळ्यासारखी हलवू नका.

कचऱ्याचे रंग पाठच करा. सुया पांढऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत, काच निळ्यात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही.

अमेरिकेत याच धर्तीच्या कामासाठी नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची क्लिनिकल मेडिकल असिस्टंट परीक्षा असते. तीन तासांची, आणि निम्म्याहून जास्त प्रश्न थेट रुग्णसेवेवर. तिचा अभ्यासक्रम चाळायला हरकत नाही, पण ते प्रमाणपत्र इथल्या नोकरीसाठी लागत नाही.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्या. पहिला डोस, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. लहान दवाखान्यात स्वतःहून कुणी विचारेलच असं नाही, तेव्हा विषय तुम्हीच काढा.